खंदकातल्या प्रार्थनेने काय सिद्ध होते?

‘खंदकात कुणी नास्तिक उरत नाही’ हे वाक्य मे २०२५ पासून इंदूरच्या मराठी मंडळींत फार ऐकू येऊ लागले आहे. त्या महिन्यात सीमेवर तोफा धडाडल्या, ७ मे रोजी इंदूर, ग्वाल्हेर आणि देशातील इतर अनेक ठिकाणी भोंगे वाजवून नागरी संरक्षणाचा सराव झाला, आणि युद्ध हा विषय एकाएकी घरोघरी आला. महूची लष्करी छावणी इथून जेमतेम तासाभराच्या वाटेवर असल्यामुळे रामबागेपासून सुदामानगरापर्यंत कोणत्याही वस्तीत एखादे निवृत्त सुभेदार नाहीतर कर्नल भेटतातच, आणि वाद रंगला की साक्ष त्यांचीच काढली जाते. एक पक्ष जैसलमेरकडच्या तनोट मातेचा दाखला देतो, जिथे १९६५च्या युद्धातले न फुटलेले गोळे आजही देवळात मांडून ठेवलेले आहेत. दुसरा पक्ष हसून म्हणतो की भ्यालेला माणूस दगडालाही नवस बोलेल. पहिल्याला वाटते, आपण देव सिद्ध केला. दुसऱ्याला वाटते, आपण श्रद्धाळूंना भित्रे ठरवले. मात्र दोघांनीही एक गोष्ट न तपासताच मान्य केलेली असते, ती अशी की मृत्यू समोर उभा राहिला म्हणजे माणसाचे खरे मत बाहेर पडते आणि तोवर तो जे बोलत होता ते सुखाच्या दिवसांतले वरवरचे बोलणे होते.

माझा आक्षेप या गृहीतावर आहे. जिवावरचे संकट श्रद्धा निर्माण करीत नाही. माणसात आधी जे मुरलेले असते तेच ते वर आणते, मग ती लहानपणी पाठ झालेली रामरक्षा असो, कवायतीत अंगवळणी पडलेली हालचाल असो, की शेजारच्या सोबत्याचे नाव असो. त्यामुळे ‘नास्तिक उरत नाही’ हे सरसकट विधान वस्तुस्थिती म्हणूनही टिकत नाही, आणि जिथे ते लागू पडते तिथेही त्यातून देवाविषयी काही निष्पन्न होत नाही. माझ्या घरी गणपती बसतो आणि खजराण्याच्या गणेशमंदिरात मी दर्शनाला जातो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हा लेख कोणत्या गोटातून आला याचा शोध घेण्याचे श्रम वाचकाला पडणार नाहीत.

या वाक्याचा जन्मच बोलका आहे. ते रूढ झाले १९४२ साली, फिलिपिन्समधल्या बतान द्वीपकल्पाच्या लढाईच्या वेळी. तिथले अमेरिकन आणि फिलिपिनो सैनिक उपासमार, मलेरिया आणि जपानी तोफा यांच्या कचाट्यात सापडले होते आणि ९ एप्रिल १९४२ रोजी त्यांना शरण जावे लागले. वाक्याचे श्रेय काही जण विल्यम कमिंग्ज या कॅथलिक पाद्र्याला देतात, तर काही जण इतरांना. मात्र ते कुणी सैनिकांना एकेक करून विचारून काढलेले अनुमान नव्हते. हरत चाललेल्या सैन्यात धीर देणाऱ्याच्या तोंडी शोभावे असे ते वाक्य आहे, आणि धीर देणे हेच त्याचे काम होते. अशा वाक्याला पुढे समाजशास्त्राचा नियम म्हणून मिरवले गेले, हा त्या बिचाऱ्या पाद्र्याचा दोष नव्हे.

तरीही विरुद्ध बाजूच्या हाती भक्कम पुरावे आहेत आणि ते टाळून पुढे जाणे लबाडीचे ठरेल. दुसऱ्या महायुद्धात समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सैनिकांची फार मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. लढाई कठीण झाली तेव्हा कशाचा आधार वाटला, या प्रश्नावर पायदळातल्या बहुसंख्यांनी प्रार्थनेचा फार उपयोग झाला असे सांगितले. अगदी अलीकडे, २०१२ मध्ये, न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातील जोनाथन जोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. मृत्यूचा विचार करायला लावल्यावर धर्म न मानणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देताना आपली अश्रद्धा अधिकच ठामपणे मांडली. पण अलौकिक गोष्टी ‘खऱ्या की कल्पित’ हे झटपट ठरवायला सांगितले, तेव्हा त्यांना ‘कल्पित’ म्हणायला किंचित जास्त वेळ लागला. म्हणजे तोंड एक सांगत होते आणि मन थोडे अडखळत होते. व्यक्तींचे सोडा, एक अख्खी नास्तिक राजवटही युद्धात वाकली. ज्या सोव्हिएत सत्तेने हजारो चर्चना कुलपे लावली, तिच्या प्रमुखाने, स्टालिनने, ४ सप्टेंबर १९४३ रोजी ऑर्थोडॉक्स धर्माधिकाऱ्यांना क्रेमलिनमध्ये बोलावून घेतले आणि धर्मप्रमुखाच्या निवडणुकीस परवानगी दिली. आणि आपल्याकडच्या पलटणींच्या युद्धघोषणा तर सर्वांना माहीत आहेत: राजपुताना रायफल्सचा ‘राजा रामचंद्र की जय’, कुमाऊँचा ‘कालिका माता की जय’, गढवालींचा ‘बद्री विशाल लाल की जय’. एवढे सगळे असताना नास्तिकाने कोणत्या तोंडाने बोलावे?

स्टालिनचा दाखला आधी बाजूला काढतो, कारण तो सर्वांत कच्चा आहे. त्या हुकूमशहाला धर्मप्रेमाचे भरते आले नव्हते. श्रद्धाळू जनतेकडून लढाईसाठी अधिक निष्ठा हवी होती आणि मित्रराष्ट्रांपुढे चेहरा बरा दिसायला हवा होता. शिवाय तोवर स्टालिनग्राड जिंकून झाले होते आणि कुर्स्कची लढाईही संपली होती. भीतीने प्रार्थनेकडे वळायचे असते, तर १९४१च्या शरदात जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीवर असतानाचा मुहूर्त अधिक योग्य नव्हता का? युद्धघोषणांविषयीही असेच आहे. रेजिमेंटच्या धार्मिक संचलनात देवळाच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार दिल्याबद्दल बडतर्फ झालेल्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळली. निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका आहेत; पण बाहेरच्याला धार्मिक वाटणाऱ्या या घोषणांचे काम जवानांत एकजूट आणि हुरूप निर्माण करण्याचे आहे, असे न्यायालयाने त्यात नोंदवले. मग जी घोषणा एकजुटीसाठी दिली जाते ती वैयक्तिक श्रद्धेचा पुरावा म्हणून दुसरीकडे कशी वापरता येईल? दोन्ही फायदे एकाच वेळी पदरात पाडून घेता येत नाहीत.

स्टाउफर यांच्या पाहणीचे आणि ओटागोच्या प्रयोगाचे उत्तर मात्र शोधावे लागते, आणि मला ते भागवतात सापडते. संकटातल्या धाव्याचे आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गजेंद्रमोक्ष. सरोवरात मगरीने पाय धरलेला हत्ती शेवटी विष्णूचा धावा करतो. वरवर पाहता हा खंदकातल्या सैनिकाचाच नमुना दिसतो. परंतु आठव्या स्कंधात या स्तुतीच्या आरंभीच स्पष्ट म्हटले आहे की गजेंद्राने पूर्वजन्मी शिकलेले स्तोत्र जपले. पूर्वजन्मी तो इंद्रद्युम्न नावाचा विष्णुभक्त राजा होता. कथाकाराला ठाऊक होते की मगरीच्या जबड्यात नवी विद्या येत नाही. तिथे फक्त आठवण येते. ज्या देशातले बहुसंख्य सैनिक लहानपणापासून रविवारी चर्चमध्ये गेलेले आहेत, त्या देशातले बहुसंख्य सैनिक तोफांच्या माऱ्यात प्रार्थना करतील, यात आश्चर्य कसले? धर्मांतर झाले असे म्हणायचे, तर जे आधी प्रार्थना करीत नव्हते त्यांच्यापैकी किती जण करू लागले आणि घरी परतल्यावर किती जणांनी ती चालू ठेवली हे दाखवावे लागेल. ‘प्रार्थनेचा आधार वाटला’ या उत्तरात ते येत नाही. ओटागोच्या नास्तिकांना लागलेला तो किंचित अधिक वेळही असाच समजून घेता येतो. ते ज्या समाजात वाढले त्याची भाषा आणि गोष्टी देवाने भरलेल्या आहेत; मन हलले की तळाशी बसलेला गाळ वर येतो. जखमी सैनिक आईला हाक मारतात, हे कितीतरी युद्धांच्या आठवणींत आले आहे. आई शेकडो कोस दूर आहे हे त्यांना कळत नसते असे नव्हे, आणि त्या हाकेवरून आई तिथे होती असे कुणी म्हणत नाही.

आता ‘कुणी’ उरत नाही या शब्दाकडे. सार्वत्रिक विधान पाडायला एक उदाहरण पुरते, आणि इथे तर उदाहरणांना तोटा नाही. भगतसिंगांना मे १९२७ मध्ये लाहोरला पहिल्यांदा अटक झाली तेव्हा काही पोलीस अधिकाऱ्यांनी त्यांना दोन्ही वेळ प्रार्थना करण्याचा आग्रह धरला होता. आपण केवळ शांततेच्या दिवसांतलेच नास्तिक आहोत की कठीण काळातही टिकणारे, हे त्यांना स्वतःशीच ठरवायचे होते, आणि त्यांनी प्रार्थना केली नाही. १९३० साली, मृत्युदंडाच्या छायेत, आपण नास्तिक का आहोत हे सांगताना त्यांनी ही हकीगत लिहून ठेवली. शेवटचे दिवस आले की तुझा विश्वास बसेल, असे एका मित्राने म्हटल्यावर त्यांनी दिलेले उत्तरही त्याच लेखात आहे: तसे करणे हे आपले अधःपतन ठरेल, अशा स्वार्थापोटी आपण कधीच प्रार्थना करणार नाही. २३ मार्च १९३१ रोजी त्यांना फाशी झाली.

यावर चतुर प्रतिपक्षी म्हणेल की भगतसिंगांना कोठडीत विचार करायला वेळ होता, खंदकात तो नसतो. मुद्दा बिनतोड वाटतो, म्हणून प्रीमो लेव्ही या देव न मानणाऱ्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाची साक्ष काढतो. ऑक्टोबर १९४४ मध्ये नाझींच्या ऑशविट्झ छावणीत गॅसकोठडीसाठी माणसे निवडली जात होती. नग्न कैद्यांच्या गर्दीत, हातात स्वतःच्या नावाचे कार्ड धरून लेव्ही आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा होता. त्या क्षणी, आयुष्यात एकदाच, आपल्याला प्रार्थनेत आसरा घेण्याचा मोह झाला, असे त्याने प्रामाणिकपणे नमूद केले आहे. आणि तो मोह त्याने आवरला, कारण डाव संपत आलेला असताना आणि आपण हरत असताना नियम बदलायचे नसतात, असे त्याला वाटले. ही साक्ष मला भगतसिंगांच्या साक्षीहूनही मोलाची वाटते, कारण तिच्यात विरुद्ध बाजूचे सर्व सत्य मान्य झाले आहे. मोह खरा होता, भीती खरी होती, मनातला गाळ वर आला होता; तरीही माणूस म्हणजे केवळ तो गाळ नव्हे. मोह झाला हेच त्याचे खरे रूप आणि मोह आवरला हा मात्र देखावा, असे कोणत्या न्यायाने म्हणायचे?

हाच न्याय उलटा लावून पाहू. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे जखमी होऊन पडले असता ‘क्यों पटेल, और लड़ोगे?’ असे त्यांना खिजवून विचारण्यात आले, आणि ‘बचेंगे तो और भी लड़ेंगे’ हे त्यांचे उत्तर ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मराठी पोरासोरांनाही पाठ आहे. दत्ताजी हे राणोजी शिंद्यांचे पुत्र. जोतिबा हे त्यांचे दैवत, आणि वाडी रत्नागिरीवरचे जोतिबाचे आजचे देऊळ राणोजींनीच बांधवून घेतलेले. अशा भाविक घराण्यातल्या माणसाच्या शेवटच्या वाक्यात देवाचे नाव नाही. तेव्हा ‘मरणाच्या क्षणी दत्ताजी नास्तिक झाले’ असे म्हणायचे काय? कुणीही म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. ते योद्धे होते, आणि आयुष्यभर मुरलेले क्षात्र त्या क्षणी वर आले, असेच आपण समजतो. हीच समजूत नास्तिकाच्या वाट्याला का येऊ नये? त्याच्या तोंडून ‘देवा’ निघाले तर तो आतून आस्तिक होता, आणि आस्तिकाच्या तोंडून देव निघाला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, असा हा एकाच बाजूला झुकलेला तराजू आहे.

वकील मंडळी, आणि इंदुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ असल्याने ती पुष्कळ आहेत, इथे मृत्युपूर्व जबानीचा मुद्दा काढतात. कायदा मरणाऱ्याच्या शब्दाला विशेष किंमत देतो, कारण ओठांवर खोटे घेऊन कुणी परमेश्वरासमोर जात नाही असे मानले जाते. मग मरताना केलेली प्रार्थना कवडीमोल कशी? प्रश्न चांगला आहे. पण ती जबानी ग्राह्य धरली जाते ती मृत्यूच्या कारणापुरती, म्हणजे वार कुणी केला, आग कशी लागली, अशा मरणाऱ्याने प्रत्यक्ष अनुभवलेल्या गोष्टींपुरती. जे त्याला आयुष्यभर ठाऊक नव्हते ते अखेरच्या श्वासाला कळते, असे कोणताच कायदा मानत नाही. त्याहून गंमत अशी की १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३२ने, इंग्लंडच्या पद्धतीहून वेगळी वाट धरून, जबानी देणाऱ्याला मृत्यूची चाहूल लागलेली असलीच पाहिजे ही अटच ठेवली नाही. म्हणजे मृत्यूच्या भयाने सत्य बाहेर पडते या सिद्धांताची आपल्या कायद्याला गरजच वाटली नाही. उलट त्याच कायद्याच्या कलम २४ने फौजदारी खटल्यात अधिकारावरील व्यक्तीच्या धमकीने किंवा आमिषाने मिळवलेला कबुलीजबाब निरुपयोगी ठरवला. कायद्याचे पुस्तक २०२३ मध्ये बदलले, तरी ही दोन्ही तत्त्वे कायम आहेत. ‘शरण ये, म्हणजे वाचशील’ या परिस्थितीत दिलेली कबुली यांपैकी कोणत्या कलमाच्या अधिक जवळची आहे?

तनोटच्या गोळ्यांचे उत्तर दोन हजार वर्षांपूर्वी सिसरो या रोमन लेखकाच्या ग्रंथात येऊन गेले आहे. मेलॉसचा डायागोरस हा ग्रीक नास्तिक. त्याला कुणी देवळातल्या नवसाच्या तसबिरी दाखवल्या आणि म्हटले, समुद्राच्या वादळातून देवाने तारलेली ही माणसे बघ. त्याने विचारले, जी बुडाली त्यांच्या तसबिरी कुठे लावल्या आहेत? आणखी एकदा तो गलबतावर असताना तुफान झाले, तेव्हा या नास्तिकामुळेच हे ओढवले असे खलाशी म्हणू लागले. त्याने त्याच वादळात हेलकावणारी इतर गलबते दाखवून त्या प्रत्येकावरही एकेक डायागोरस आहे काय, असे विचारले. तनोटला जो मरण पावला नाही तो नवस फेडायला येतो. जो प्रार्थना करीत करीत मारला गेला, त्याची बातमी देवळापर्यंत पोचत नाही. तिथून जवळच्या लोंगेवाला ठाण्यावर डिसेंबर १९७१ मध्ये पंजाब रेजिमेंटच्या एका कंपनीने रात्रभर रणगाडे थोपवून धरले आणि पहाटे जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी ते टिपले. जवानांना मातेचा आधार वाटला असेल, तो त्यांचा हक्क आहे. पण त्या वैमानिकांचे श्रेय मातेच्या खात्यावर जमा करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

शिवाय अखेरच्या क्षणाच्या कथा रचल्या जातात, हेही विसरू नये. डार्विनने मरणापूर्वी आपला सिद्धांत टाकून ख्रिस्ताला जवळ केले, अशी कथा लेडी होप नावाच्या बाईंच्या नावाने १९१५ मध्ये छापून आली. डार्विनच्या मुलीने, हेन्रिएटाने, १९२२ मध्ये सांगितले की वडिलांच्या मृत्युशय्येपाशी आपण हजर होतो आणि त्या अखेरच्या आजारपणात या बाई तिथे आल्याच नव्हत्या. तरीही ती कथा अजून फिरते आहे. डेव्हिड ह्यूम हा धर्माविषयी संशयवादी असलेला स्कॉटिश तत्त्वज्ञ १७७६च्या जुलैत मरणपंथाला लागला होता, तेव्हा लेखक जेम्स बॉसवेल त्याच्याकडे गेला तो मुख्यतः हा गृहस्थ आतातरी डगमगतो का हे पाहायला. ह्यूम शांतपणे विनोद करीत होता. अस्वस्थ होऊन घरी परतला तो भाविक बॉसवेल.

या वाक्याचा राग खरे तर भाविकांनी धरायला हवा, असे मला वाटते. श्रद्धा हे भीतीचे अपत्य आहे, असा आरोप कडवे नास्तिक नेहमी करतात, आणि ‘खंदकात सगळेच शरण येतात’ असे सांगणारा भाविक तो आरोप टाळ्या वाजवून स्वीकारतो. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात सापडलेल्या आर्ताला तिथे स्थान आहे, त्याला उदारही म्हटले आहे, आणि त्याची टर उडवणाऱ्या विवेकवाद्यांनी ती उदारता थोडी शिकावी. पण श्रेष्ठ ठरवला आहे तो ज्ञानी. मग आर्ताच्या आरोळीला सर्वोच्च प्रमाण मानणारे आजचे भाविक नेमकी कोणती परंपरा चालवीत आहेत?

वाक्य खोटे असले तरी निरुपद्रवी आहे, त्याने कुणाचे काय बिघडते, असेही म्हटले जाते. पॅट टिलमन हा अमेरिकन फुटबॉलपटू लाखो डॉलरचा करार सोडून सैन्यात गेला आणि २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात मारला गेला. गोळी शत्रूची नसून आपल्याच सैनिकांची होती, हे लष्कराने सुरुवातीला दडवले. कुटुंबाने सत्यासाठी पाठपुरावा केला, तेव्हा चौकशीशी संबंधित एका अधिकाऱ्याने त्यांना हे दुःख पचवता येत नाही याचे कारण त्यांच्या अश्रद्धेत शोधले. ‘खंदकात नास्तिक नसतो’ हे एकदा पक्के मानले की जो नास्तिक खंदकात मरतो त्याचे मरणही अपुरे वाटू लागते, आणि त्याच्या आईबापांचा रास्त प्रश्नही रोगलक्षण ठरतो.

आपल्याकडे तर हा प्रश्न अधिक जवळचा आहे. ज्या महूच्या फौजींची साक्ष वादात काढली जाते, त्याच महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला, आणि १९५६ मध्ये नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा पहिली आहे. ती घेतलेल्या घरांतली मुले सैन्यात आहेत. महार रेजिमेंटची युद्धघोषणा ‘बोलो हिंदुस्तान की जय’ अशी आहे. तिच्यात कोणत्याही देवाचे नाव नाही, आणि म्हणून ती पलटण कुठे कमी लढली असे कुणी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू रीतसर नेमले जातात. इस्पितळातल्या जखमीपाशी बसणे, कुटुंबाला धीर देणे हेही त्यांचे काम असते. ज्याला देव नाही त्या जवानापाशी कुणी बसायचे? नेदरलँड्सच्या सैन्यात पाद्र्यांच्या बरोबरीने मानवतावादी समुपदेशक १९६४ पासून काम करीत आहेत. अशी माणसे फारच थोडी असतील, असा आक्षेप येईल. सैन्यात धर्म न मानणारे किती आहेत हे मोजायचे, तर आधी त्यांना तसे मोकळेपणाने सांगता आले पाहिजे, आणि ‘खंदकात तुझ्यासारखा कुणी नसतोच’ असे ज्याला पहिल्याच दिवशी ऐकवले जाते, तो ते कशाला सांगेल?